नऊ महिने जेवलेले जंतू

मुंगी आमच्या लॅबमध्ये आली त्याच्या चौथ्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. तशी मी सगळ्यांवरच ओरडते, त्यात नवल काही नाही. पण ते ओरडणं नऊ महिने पुरलं, म्हणून सांगायला बसलेय.

मी मीडिया रूम सांभाळते. मीडिया म्हणजे जंतूंचं जेवण. वरच्या मजल्यावर चौदा पोरंपोरी जंतूंवर प्रयोग करतात आणि त्या जंतूंना जे काय खायला लागतं, ते मी खाली तळमजल्यावर तयार करते. क्षार, साखर, यीस्टचा अर्क, दुधातल्या केसिनची पूड. सगळं तोलायचं, पाण्यात विरघळवायचं, बाटल्यांत भरायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस मावेल एवढा प्रेशर कुकर. सव्वीस वर्षं हेच करतेय. माझ्या बाटलीत कधी बुरशी आली नाही की कधी काही कमी-जास्त झालं नाही. निदान मी तरी असंच सगळ्यांना सांगत होते.

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. बारीकशी, भरभर चालणारी आणि सदानकदा आपल्या दुप्पट आकाराचं काहीतरी उचलून नेणारी मुलगी. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. चौथ्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, एक विचारू? या केसिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाहीये ना? नक्की?"

झालं! माझं डोकं फिरलं. "अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे बनवतेय," मी म्हटलं. "ट्रिप्टोफॅन नको असलेल्या लोकांना काय द्यायचं ते तू मला शिकवणार? शंका असेल तर स्वतः बनव. ती बघ शेगडी, तो बघ तराजू!"

तिचं तोंड एवढंसं झालं. "नाही नाही, सहज विचारलं," म्हणाली आणि बाटल्या उचलून पळाली. पुन्हा कधी विचारलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे आमची गट्टी जमली. दुपारी चारला ती चहा घ्यायला खाली यायची आणि ऑटोक्लेव्हचा पारा उतरेपर्यंत बसायची. तिचं काम काय ते मला तिनंच समजावलं, आणि मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

ट्रिप्टोफॅन ही जंतूंच्या खाण्यातली एक गरजेची गोष्ट. बाहेरून मिळालं तर जंतू ते आयतं खातात. मिळालं नाही तर घरी बनवतात. बनवायची कृती त्यांच्या डीएनएत लिहिलेली असते. त्या कृतीची एक नक्कल काढली जाते, ती म्हणजे आरएनए, आणि त्या नकलेवरून काम चालतं. आता गंमत अशी, की नक्कल काढणारं यंत्र पुढे पुढे लिहीत असतं आणि वाचणारं यंत्र त्याच्या पाठोपाठ वाचत येत असतं. नकलेच्या अगदी सुरुवातीला, दोनदा, लागोपाठ, ट्रिप्टोफॅनच मागितलेलं असतं. पेशीत ते भरपूर असेल तर वाचणारं यंत्र सरसर पुढे जातं, मग नकलेची दोरी एका खास तऱ्हेनं स्वतःवरच दुमडते, तिचा केसांच्या पिनेसारखा आकडा होतो आणि लिहिणारं यंत्र तिथंच गळून पडतं. नक्कल अर्धवट. कृती बंद. घरात आहे, मग कशाला बनवायचं? आणि ट्रिप्टोफॅन नसेल तर वाचणारं यंत्र त्या दोन जागी अडखळून बसतं, दोरी दुसऱ्याच तऱ्हेनं दुमडते, तो आकडा होतच नाही, आणि लिहिणारं यंत्र थेट शेवटपर्यंत पोचतं.

"म्हणजे डबा उघडून बघायचीही गरज नाही," मी म्हटलं. "बनवता बनवताच कळतं, की घरात आहे की नाही."

"अगदी!" मुंगीचे डोळे चमकले. "कुणी वरून हुकूम देत नाही, मावशी. ती नक्कलच ठरवते थांबायचं की पुढे जायचं."

मुंगीनं त्या दुमडणाऱ्या भागात एक छोटासा बदल केलेला एक जंतू बनवला होता, आणि एक साधा, न बदललेला. दोघांना एकदा ट्रिप्टोफॅन घालून वाढवायचं आणि एकदा न घालता. उपाशी ठेवलेल्या साध्या जंतूत पूर्ण लांबीची नक्कल दिसायला हवी. ते दिसलं, की मग बदललेल्याशी तुलना. पहिली पायरी तर पुस्तकातली. कुठल्याही लॅबमध्ये दिसते.

हिच्या हातून दिसेना.

ट्रिप्टोफॅन घातलं तरी नक्कल अर्धवट, नाही घातलं तरी अर्धवट. एक महिना, दोन महिने, चार महिने. पोरगी वाळत चालली. तिनं जंतू बदलले, पाणी बदललं, नळ्या बदलल्या. मग तिला वाटलं, नक्कल पूर्ण निघत असेल, पण पेशी ती लगेच फाडून टाकत असेल. जंतूंच्या या नकला फार जगत नाहीत, जेमतेम दोन-तीन मिनिटं. गरज संपली की तुकडे. मग तिनं तेही तपासायचं ठरवलं, आणि त्या दिवशी मी तिच्या मदतीला गेले.

त्या प्रयोगात रिफॅम्पिसिन घालतात. क्षयाच्या रोग्यांना देतात तेच लाल औषध. ते घातलं की नवी नक्कल निघणं बंद. मग दर अर्ध्या मिनिटाला थोडे थोडे जंतू काढून एकदम थंडगार रसायनात टाकायचे, म्हणजे त्या क्षणी आत काय होतं ते तसंच गोठून राहतं. जुन्या नकला किती वेगानं संपतात ते त्यावरून कळतं. मी घड्याळ धरून ओरडत होते, "तीस! साठ! नव्वद!" आणि ती पिपेट चालवत होती. हात असा स्थिर, की मी बघतच राहिले. इतकी वर्षं पोरं बघतेय, असा हात मी पाहिला नव्हता.

उत्तर आलं ते स्वच्छ आलं. नकलेचा सुरुवातीचा तुकडा भरपूर होता आणि जसा संपायला हवा तसाच संपत होता. पुढचा लांब भाग मात्र पहिल्या क्षणापासूनच जवळजवळ नव्हता. म्हणजे फाडला जात नव्हता. लिहिलाच जात नव्हता. यंत्र तिथं पोचून रोज गळून पडत होतं.

मग आला तो मंगळवार. दुपारी चारला मुंगी आली ती चहासाठी नाही. हातात खोका होता. माझ्याकडून नेलेल्या तिच्या नावाच्या सगळ्या बाटल्या त्यात, धुऊन पुसून.

"हे काय गं?"

"परत करतेय, मावशी. उद्या अकराला माझं काम तपासणाऱ्या समितीची मीटिंग आहे. मी सांगणार आहे, हा विषय सोडते. खरं म्हणजे..." तिनं खोका खाली ठेवला. "लॅबच सोडते. माझ्या हातातच काहीतरी दोष आहे."

"वेडी झालीस का? तुझ्या हातात दोष?"

"मग कुठे? तुम्हीच सांगा. जंतू म्हणतायत आम्ही जेवलोय. तुम्ही म्हणता मी जेवायला दिलेलं नाही. दोघांपैकी एक चुकतंय, आणि तुम्ही तर चुकत नाही. म्हणजे मी कुठेतरी घाण करतेय. पुस्तकातली पहिली पायरी जिला नऊ महिन्यांत जमली नाही, तिनं पुढं काय करायचं?" एवढं बोलून ती गेली. रडली वगैरे काही नाही. रडली असती तर परवडलं असतं.

मी चिडले. कुणावर ते मलाच कळेना. एवढी हुशार पोरगी आणि असं कसं तोंड फिरवून जाते! म्हटलं, थांब, दाखवतेच तुला. माझं केसिन स्वच्छ आहे हे एकदा सिद्ध करून देते, म्हणजे खोट जंतूंत आहे हे कळेल, नवे जंतू मागव म्हणावं आणि राहा इथंच.

आमच्याकडे एक जंतू आहे, मी त्याला ऐतखाऊ म्हणते. त्याला ट्रिप्टोफॅन स्वतः बनवताच येत नाही. बाहेरून मिळालं तर वाढतो, नाही मिळालं तर हूं की चूं नाही. पूर्वी केसिनचा नवा डबा आला की मी त्याच्यावर तपासून घ्यायचे. फ्लास्क दुसऱ्या दिवशी नितळ राहिला की पास. दरवेळी नितळच राहायचा, म्हणून हळूहळू ते करणं सोडून दिलं. कशाला उगाच, असं वाटायचं.

तर मंगळवारी पाचला मी तीन फ्लास्क लावले. एकात नुसते क्षार आणि साखर, एकात मुद्दाम ट्रिप्टोफॅन, आणि तिसऱ्यात मुंगीला रोज देते तो मीडिया. तिन्हींत ऐतखाऊचा एकेक थेंब. हलवणाऱ्या यंत्रात ठेवले आणि घरी गेले.

घरी आमचे हे शिवत बसले होते. शिंपीकाम करतात, पुढच्याच खोलीत. मी आल्या आल्या सगळं बडबडून टाकलं. यांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "तिनं तुला आधी विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात."

"मग?"

"मग काय! मी सांगितलं, सव्वीस वर्षं..."

"ओरडलीस?"

मी ताटं मांडायला घेतली. हे हसले. "अगं, मला शर्टाचं बटण कुठं ठेवलंय ते तुला विचारायचं तर आधी तोंड बघून घ्यावं लागतं. ती तर परकी पोर."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण यांचं म्हणणं कुठंतरी जाऊन बसलं होतं.

बुधवारी साडेआठला मी लॅबमध्ये. यंत्र बंद केलं, फ्लास्क बाहेर काढले आणि उजेडाकडे धरले. पहिला नितळ. दुसरा गढूळ. तिसरा...

तिसरा गढूळ. ताकासारखा.

मी फ्लास्क ठेवला, हात धुतले, चष्मा पुसला, पुन्हा उचलला. चष्म्याचा काय दोष! ऐतखाऊ मस्त खाऊन पिऊन तरारला होता.

मग मी मालाच्या चिठ्ठ्यांची फाइल काढली. माझी एक पद्धत आहे. केसिनचा डबा आला की मी तो माझ्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ओतते, कारण त्यांच्या पत्र्याच्या झाकणातून दमट हवा आत जाते आणि पुडीच्या गुठळ्या होतात. माझ्या डब्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'केसिन'. त्यांचा डबा त्याच दिवशी भंगारात. केसिन दोन तऱ्हेचं मिळतं. एक आम्लानं पचवलेलं, त्यात ट्रिप्टोफॅन जळून जातं. दुसरं एन्झाइमनं पचवलेलं, त्यात शाबूत राहतं. दहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर स्वच्छ छापलेलं होतं, एन्झाइमनं पचवलेलं. पाठवणाऱ्यानं चुकीचा माल पाठवला होता. सही माझी. न वाचता केलेली. बाकीच्या पोरांचे जंतू नुसते वाढायला हवे होते, त्यांना काहीच फरक पडला नाही. फरक पडला तो एकीला.

आता खरं तेच सांगते. मी तो तिसरा फ्लास्क ऑटोक्लेव्हच्या टोपलीत ठेवला. झाकणही लावायला घेतलं. वीस मिनिटं वाफ दिली की संपलं, जुनी पूड फेकली की संपलं, नवीन डबा मागवला की कुणाला पत्ता लागणार नाही. सव्वीस वर्षांचं नाव तसंच राहील. पोरगी जाईल, तिला दुसरीकडे काहीतरी मिळेल.

आणि मग तिचे हात डोळ्यांसमोर आले. ते हात घेऊन ती जन्मभर समजणार, की यांच्यात दोष आहे. मला माझीच शिसारी आली. फ्लास्क बाहेर काढला, चिठ्ठी फाडून घेतली आणि जिना चढले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी समजलंच नाही.

मुंगी तिच्या टेबलाशी वह्या एकावर एक रचत होती. मी फ्लास्क तिच्यापुढे आदळला.

"हा ऐतखाऊ. तुझ्या मीडियात रात्रभर वाढलाय. तुझे जंतू नऊ महिने जेवलेले होते. मी जेवायला घालत होते. ही चिठ्ठी. चूक माझी आहे, तुझ्या हातांची नाही."

तिनं चिठ्ठी वाचली. फ्लास्ककडे बघितलं. पुन्हा चिठ्ठी वाचली. आणि मग ती मुंगी, जिचा आवाज शेजारच्या टेबलावर जात नसे, अशी काही ओरडली की मजल्यावरची सगळी पोरं वळून बघायला लागली.

"नऊ महिने, मावशी! नऊ महिने! मी तुम्हाला विचारलं होतं! चौथ्या दिवशी! तुम्ही मला हाकलून दिलंत! मी माझ्या आईला फोन करून सांगितलं, की मला काही येत नाही! मी..."

मी उभी राहून ऐकत होते. सव्वीस वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. आणि तिनं बोलावं, अजून बोलावं, असंच मला वाटत होतं. "बोल," मी म्हटलं. "सगळं बोल. मी ऐकतेय."

पण ती मध्येच थांबली. तोंड उघडंच राहिलं. "थांबा. थांबा थांबा. म्हणजे ते बरोबर सांगत होते?"

"कोण?"

"जंतू! जेवलोय म्हणत होते आणि खरंच जेवलेले होते! म्हणजे माझी मोजणी बरोबर होती! दरवेळी!" ती मटकन खुर्चीत बसली. "मावशी, जेवलेल्या जंतूंचं एवढं पक्कं मोजमाप कुणाकडे नसेल हो. नऊ महिन्यांचं! अर्धा प्रयोग झालेला आहे माझा!"

तिच्या बाई, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, आवाज ऐकून बाहेर आल्या होत्या. सगळं कळल्यावर त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मावशी, मीसुद्धा तिला सांगितलं होतं, की तुमच्या मीडियावर शंका घेऊ नकोस. मीही तुम्हाला घाबरतेच." आणि मुंगीला म्हणाल्या, "अकराला काय सांगायचं ते बदल आता." अकराला मुंगीनं समितीला गढूळ फ्लास्क दाखवला आणि तीन महिने मागून घेतले. मिळाले.

पुढच्या सोमवारी योग्य केसिन आलं. डबा मी मुंगीसमोर उघडला, चिठ्ठी तिला मोठ्यानं वाचायला लावली, ऐतखाऊवर तपासलं. फ्लास्क नितळ. मग तिनं आपले जंतू त्यात वाढवले, आरएनए काढला, आणि शुक्रवारी दुपारी मला खालून बोलावून घेतलं.

तिच्या टेबलावर बर्फात नळ्या उघड्या होत्या. शेजारी यंत्राचा पडदा. एक रेघ नकलेच्या सुरुवातीच्या तुकड्याची, एक शेवटच्या तुकड्याची. नऊ महिने ही दुसरी रेघ खाली झोपलेली होती. आम्ही दोघी बघत होतो. पहिली रेघ उठली. आणि तिच्या मागोमाग, जरा अडखळत, दुसरीही उठली आणि चढतच गेली.

"उपाशी आहेत!" मुंगी किंचाळली. "मावशी, उपाशी आहेत! शेवटपर्यंत लिहितायत! बघा, बघा ना!"

जन्मभर जंतूंना पोटभर घालणारी मी, ते उपाशी आहेत म्हणून रडायला लागले. थांबेचना. मुंगीनं माझ्याकडे बघितलं, बर्फातल्या नळ्यांकडे बघितलं, आणि माझे दोन्ही दंड धरून मला मागे सारलं.

"मावशी, रडायचं तर बाहेर! डोळ्यांतल्या पाण्यात आरएनए फाडणारं काय काय असतं. एक थेंब पडला तर सगळं गेलं माझं. चला, व्हा बाहेर!"

मला! मला खोलीबाहेर काढलं त्या पोरीनं. आणि मी निमूटपणे गेले, जिन्याच्या पायरीवर बसले, आणि पदार्थ चांगला झाल्यावर हसतात तशी एकटीच हसत राहिले.